पाहुण्यांसाठी गप्प केलेला फ्रीजर

मित्रांनो, मी कर्करोगाच्या प्रयोगशाळेतला एक जुना डीप फ्रीजर आहे. तुमच्या घरच्या फ्रीजचा थोरला चुलतभाऊ म्हणा ना! पण माझ्या पोटात दूध, भाजी काही नाही. रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या गाठींचे बारीक तुकडे नळ्यांमध्ये भरून माझ्याकडे ठेवले आहेत. ते गोठलेले राहिले तरच कामाचे. एकदा वितळले की सगळं मातीमोल.

मला इथे आणलं एका धर्मादाय संस्थेने. ती काढणाऱ्या आजोबांची पत्नी याच रोगाने गेली होती. माझ्या दारावर तिच्या नावाची पितळी पाटी आहे. तेव्हा माझा काय तोरा होता! पाहुणे आले की आधी मलाच बघत.

इथल्या डॉक्टरबाई लहान मुलांच्या एका दुर्मीळ कर्करोगावर काम करतात. एकेक नळी मिळवताना त्यांच्या नाकी नऊ येतात. मूल ऑपरेशनच्या टेबलावर असताना आईबापांनी डोळे पुसत होकार दिला, तेव्हा ती मिळाली. म्हणून बाई सकाळी आल्या की पर्स खाली ठेवण्याआधी माझा तापमानाचा आकडा बघत. मला फार बरं वाटायचं.

पुढे मी म्हातारा झालो. मोटर घरघरू लागली, दाराचं रबर सैल पडलं, थंडी कमी झाली की वाजणारा गजर वेळीअवेळी कोकलू लागला. बाईंनी दुरुस्तीसाठी संस्थेकडे मदत मागितली. आजोबा आता नाहीत, कारभार सूनबाईंकडे आहे. त्या मनाने चांगल्या आहेत.

"नवं यंत्र मागा, लगेच देऊ," त्या म्हणाल्या, "पण दुरुस्तीवर पाटी कुठे लावायची, सांगा बघू? देणगीदारांना काहीतरी दाखवावं लागतं हो."

बाईंनी इतर संस्थांची दारं ठोठावली. सगळीकडे तेच ऐकायला मिळालं.

मग सूनबाईंच्या संस्थेकडून पाहुण्यांना दाखवण्याजोगं नवंकोरं सूक्ष्मदर्शक यंत्र आलं. फीत कापून सूनबाई भाषणाला उभ्या राहिल्या, तोच माझी मोटर अडखळली आणि मी बोंब ठोकली.

"अगं बाई, याला आत्ताच कंठ फुटायचा होता!" डॉक्टरबाई ओशाळून म्हणाल्या. सगळे हसले. बाईंनीच मागे हात घालून गजर बंद केला. "कार्यक्रम झाला की लावते परत," त्या सहकाऱ्याला पुटपुटल्या.

शेवटी सूनबाईंनी पुढच्या संशोधनालाही मदत जाहीर केली. बाईंना आनंदाने रडूच आलं. त्या भरात गजर राहून गेला. सगळे हसतखेळत जोडसुट्टीसाठी पांगले आणि दाराला कुलूप लागलं.

मित्रांनो, माझी मोटर आता बंद पडली आहे. आकडा चढतो आहे. आतल्या भिंतींवरचा बर्फ सुटून पाणी फरशीवर पसरू लागलं आहे. पहारेकरी मघाशी काचेतून डोकावला. नवं यंत्र जागेवर आहे ना, एवढं बघून तो पुढे गेला. मला भीती वाटते आहे.

तुम्ही मोठे व्हाल, चांगल्या कामाला हात सैल सोडून द्याल. नवं जरूर घेऊन द्या. पण जे आधीपासून राबतं आहे, त्याच्या औषधपाण्यालाही द्या. त्यावर पाटी लागणार नाही, तरी द्या.

वरच्या खणातल्या नळ्यांचं मला विचारू नका. खालच्या अजून घट्ट आहेत. कोणीतरी या हो, लवकर या.