पिंपातली अन्नपूर्णा

परदेशींच्या जागी सौदी माणसं नेमायच्या सौदीकरणात उमाकांतची लॅबमधली नोकरी गेली, तीही त्यानेच हाताला धरून शिकवलेल्या सौदी पोराकडे. ताइफच्या इस्पितळाला त्याने सुईसुद्धा मोजून परत केली, कागदावर सात सह्या आणल्या. एवढा काटेकोर माणूस, आणि घरी मात्र देवच देऊन बसला.

त्याच्या बायकोला, शोभनाला, आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा वीतभर उंचीची, तमिळनाडूतल्या स्वामीमलैची, ओतीव पंचधातूची. मेणाची मूर्ती करून तिच्यावर माती लिंपतात, मेण वितळवून धातू ओततात आणि साचा फोडून देवी बाहेर काढतात. तशी दुसरी होत नाही. सौदीत देव उघड्यावर मांडायची सोय नव्हती. अन्नपूर्णा तशीही तांदळातच बसते, म्हणून शोभनाने अकरा वर्षं तिला तांदळाच्या पिंपात पुरून ठेवलं होतं.

शोभना मुलीचा दाखला आणायला शाळेत गेली आणि रत्नागिरीचा मुस्तफा, त्यांचा जुना स्नेही, जेद्द्याहून टेम्पो घेऊन उरलंसुरलं सामान न्यायला आला. घाईत आतली देवी विसरून उमाकांतने पिंपही चढवलं. भांडं रिकामं देऊ नये ही शोभनाचीच शिकवण, म्हणून तांदळासकट.

रिकामा कोपरा बघून शोभनाने आधी पिंप कुठे ते विचारलं. मुस्तफाशी फोनवर मूर्तीचं नाव काढायची उमाकांतची छाती होईना. पिंप परत मिळेल का, असं त्याने आडून विचारलं. मुस्तफा हसून म्हणाला, तांदूळच हवेत तर पोतं पाठवतो. उमाकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी भारतात परतायचं विमान जेद्द्याहूनच होतं. मुसलमान नसलेल्यांना मक्केत प्रवेश नाही, म्हणून तिला वळसा घालणाऱ्या लांबच्या रस्त्याने जाताना तो नव्या पोराला, व्हिसा देणाऱ्या कफीलला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या घालत होता.

जेद्द्याच्या शराफिया वस्तीत मुस्तफाच्या बायकोने, जुबेदाने, न विचारताच पिंप पुढे सरकवलं. शोभनाने कोपरापर्यंत हात घातला. देवी जागेवर होती.

"काल भाताला तांदूळ काढायला गेले नि हाताला लागली," जुबेदा म्हणाली. "मग दाणा काढला नाय, वैनी. उघडी पडली असती ती. अन्नपूर्णा तांदळातच ठेवायची, गावाला आमच्या शेजारच्या काकी असंच सांगायच्या."

शोभना रडता रडता हसली. उमाकांतला मात्र आणखीच चीड आली. दर ईदला यांच्याकडे पोटभर जेवून अकरा वर्षं त्याने देव यांच्यापासूनही लपवला होता. आणि लपवायची गरजच नव्हती हे कळलं, तेव्हा विमानाला चार तास उरले होते.