छातीवरचं नाव

“गुणवंतजी, कल ये नाम किसी भी हाल में दिखना नहीं चाहिए,” बत्राजी म्हणाले आणि त्यांनी शर्टांचं गाठोडं टेबलावरून पुढे सरकवलं. “टेप लगाओ, कुछ भी करो. बस, दिखे ना.”

दिल्लीतल्या मलकागंज युनायटेड या फुटबॉल क्लबची कचेरी म्हणजे धान्याच्या दुकानावरची एक खोली, आणि बत्राजी तिथले सचिव. माणूस वाईट नव्हता. पण मागच्या रविवारी मैदानाच्या फाटकाशी एका गृहस्थानं क्लबच्या गोलकीपरची कॉलर धरली होती. मुलीच्या शिकवणीची फी परत दे म्हणून त्यानं पोराला भर रस्त्यात हलवून काढलं. पोराचा दोष एवढाच की त्याच्या छातीवर ‘उजळपाटी’ असं लिहिलेलं होतं.

उजळपाटी ही घरबसल्या मोबाइलवर शिकवण्या देणारी नोएडातली कंपनी. पालकांकडून वर्षाची फी आगाऊ घेतली, आणि वर्ष अर्ध्यावर असतानाच ती बंद पडली. लोकांचे पैसे अडकले, आणि मलकागंजचा मुख्य प्रायोजक गेला. कंपनी गुणवंतरावांच्या मुलाची, कौस्तुभची होती.

“कल गद्देवाले गुप्ताजी मैच देखने आ रहे हैं,” बत्राजी खाली बघत म्हणाले. “उनका मन बन गया तो अगले साल उनका नाम आएगा. नहीं तो क्लब बंद समझो. बुरा मत मानना.”

“बुरा क्यों मानूँगा? लगा दूँगा टेप,” असं म्हणून गुणवंतरावांनी गाठोडं उचललं.

गुणवंतरावांची सारी नोकरी हिंदूराव नावाच्या इस्पितळात झाली. ते ड्रेसर होते. लोकांच्या जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची. निवृत्त झाल्यावर घरात बसून जीव आंबायला लागला, तेव्हा ते मलकागंजच्या सरावाला जाऊन फुटलेले गुडघे बांधू लागले. पोरं त्यांना ‘पट्टीवाले अंकल’ म्हणायची. पुढे क्लबला प्रायोजक मिळेना, तेव्हा त्यांनीच कौस्तुभला गळ घातली. तो हसला आणि लगेच हो म्हणाला. नाव देवनागरीतच हवं हा हट्टही त्यांचाच. संघात कुणालाच ‘ळ’ म्हणता यायचा नाही. सगळे ‘उजलपाटी’ म्हणायचे, आणि गुणवंतराव न कंटाळता एकेकाला शिकवत बसायचे.

त्या दिवसांत त्यांची छाती अशी काही फुगली होती की विचारू नका. संघाचा शर्ट त्यांनाही मिळाला होता. तो घालून ते सामन्याला जायचेच, पण भाजी आणायला जातानाही तोच. “आता लोकांच्या लग्नालासुद्धा हाच घालून चला,” असं त्यांच्या पत्नी सुमित्राबाई म्हणायच्या. त्यावर गुणवंतराव खरोखरच विचार करत असावेत, असा चेहरा करायचे.

घरी येऊन त्यांनी सतरंजी अंथरली, शर्ट एकेक करून सरळ केले आणि पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी काढली. जखमेवरच्या बँडेजला लावतात तीच ही पट्टी. ती कशी कापायची, कशी ताणायची, हे हातांना पाठ होतं. तरी पहिली पट्टी वाकडी बसली. माणसं बरी व्हावीत म्हणून त्यांनी जन्मभर पट्ट्या लावल्या. पोटच्या पोराचं नाव झाकायला लावावी लागेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. नोएडाचं घर सोडल्यापासून कौस्तुभ इथंच होता आणि बहुतेक वेळ त्या दारामागेच असायचा. दाढी वाढली होती. कोपऱ्यावर दूध आणायलाही तो जात नसे.

“बत्रा अंकलनी सांगितलं?” त्यानं विचारलं.

“हो. पोरांच्या अंगावर धावून येतात रे लोक. त्यांनी काय घोडं मारलंय कुणाचं?”

“द्या, मी लावतो.”

“तू हात लावू नकोस!” गुणवंतराव एकदम ओरडले आणि स्वतःच दचकले.

कौस्तुभ भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, “बाबा, तुम्हालाही वाटतं ना, मी लोकांना फसवलं?”

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. सुमित्राबाई कान देऊन ऐकत होत्या. गुणवंतरावांनी कात्री खाली ठेवली. गोड खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण जीभ रेटेना.

“तू कुणाला फसवायला बसला नव्हतास, ते मला माहितीये. पण लोकांचे पैसे तुझ्या हातून गेले. ज्याचे गेले तो ओरडणार. त्याला गप्प बस असं आपण कुठल्या तोंडानं सांगायचं?”

“मी देणारे सगळ्यांचे. बिल्कुल देणारे. टाइम लागेल, पण...”

“दे. देशील तू.”

“उद्या तुम्ही नका ना जाऊ. क्लबवाले सोडले तर कुणाला माहीत नाही तुम्ही माझे बाबा आहात ते. एकदा कळलं ना, की तुम्हालाही सोडणार नाहीत ते लोक.”

“आणि कुणाच्या पायात गोळा आला तर? बत्रा चोळणार?”

सुमित्राबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. “जाऊ दे रे त्यांना. घरी बसून काय करतील? तुझ्याकडे बघत राहतील, आणि तू त्यांच्याकडे.”

कौस्तुभ उठून परत आत गेला. गुणवंतरावांनी उरलेले शर्ट पुढ्यात ओढले. एकेक नाव ते झाकत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली गेटच्या मैदानावर मलकागंजचे खेळाडू उतरले तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला. किरमिजी शर्टांवर छातीभर पांढऱ्या पट्ट्या, जणू अख्खा संघच इस्पितळातून उठून आला होता. पट्टीखाली काय आहे हे ठाऊक असलेलेही त्यांच्यात होतेच. पण वाचायला काही नव्हतं, म्हणून थोडी टिंगल करून ते गप्प बसले. गुप्ताजी खुर्चीत बसून चहा पीत होते. बत्राजींचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांची नजर बाकावर बसलेल्या गुणवंतरावांकडे गेली. त्यांच्या अंगात संघाचा शर्ट होता आणि छातीवर सगळी अक्षरं स्वच्छ दिसत होती.

“अरे, आपकी रह गई!”

“रही नहीं, बत्राजी,” गुणवंतराव शांतपणे म्हणाले. “लड़कों का ढक दिया, आपने कहा था. मैं कहाँ खेल रहा हूँ?”

बत्राजींनी एकदा गुप्ताजींकडे पाहिलं. त्यांनी गुणवंतरावांना बाकाच्या अगदी टोकाला, पाण्याच्या ड्रमामागे बसायला सांगितलं. गुणवंतराव बापडे तिथं जाऊन बसले.

उत्तरार्धात उंच आलेल्या चेंडूसाठी कप्तान बिष्ट आणि समोरचा बचावपटू एकदमच उडाले. डोक्यावर डोकं आदळलं. बिष्ट खाली पडला तो मैदानाच्या पार पलीकडे, प्रेक्षकांच्या जाळीपाशी, आणि त्याच्या भुवईतून रक्ताची धार लागली. पंचांनी हात वर करून बोलावलं.

“किसी और को भेजो,” बत्राजी पुटपुटले. पण दुसरं होतं कोण? गुणवंतराव औषधांची पिशवी घेऊन केव्हाच निघाले होते. वयाच्या मानानं ते बरे धावत होते. मैदानाच्या मध्यापर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं. मग जाळीमागून पहिली आरोळी आली.

“ओए, देखो! उजलपाटी!”

“चोर कंपनी! फीस वापस करो!”

गुणवंतरावांना सगळं ऐकू येत होतं. ते गुडघ्यावर बसले, बिष्टचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि जखम धुवायला सुरुवात केली.

“छोड़ो अंकल, इनकी मत सुनो,” बिष्ट डोळे मिटून म्हणाला.

“हलू नकोस,” गुणवंतराव मराठीतच बोलून गेले.

जाळीला चिकटून एक गृहस्थ उभे होते. चांगल्या घरचे वाटत होते. बाकीच्यांना गप्प करून त्यांनी विचारलं, “बाबूजी, ये शर्ट क्यों पहन रखी है? आपके भी पैसे डूबे हैं क्या?”

हो म्हटलं असतं तर सुटका होती. लोकांनी त्यांना आपल्यातलं मानलं असतं, कदाचित दोन गोड शब्दही बोलले असते. गुणवंतरावांनी भुवईवर कापसाची घडी ठेवली, वरून पट्टी नीट दाबून बसवली आणि मान वर केली.

“नहीं जी. कंपनी मेरे बेटे की है.”

गृहस्थांचा आवाज कडक झाला. “तो बेटे से कहो, लोगों के पैसे लौटाए.”

“कहा है. लौटाएगा.”

“और ना लौटाए तो?”

“मैं हर मैच में यहीं मिलूँगा,” गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांनी बिष्टला हाताला धरून उभं केलं.

बातमी जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. बापच आहे त्याचा, बापच! शिट्ट्या झाल्या, शिव्याही आल्या. पलीकडे बत्राजी कपाळाला हात लावून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी गुप्ताजी चहाचा पेला तसाच धरून उठले होते. पुढच्या वर्षी क्लब राहील की नाही, कोण जाणे. पंचांनी शिट्टी वाजवली, पोरं पुन्हा चेंडूमागे धावली.

गुणवंतरावांनी कापूस, कात्री, बाटली सावकाश पिशवीत भरली. पट्टी बांधून झाली की पिशवी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून परतायचं, ही त्यांची इस्पितळापासूनची सवय. आजही त्यांनी ती तशीच उचलली, पण तिच्यामागे नाव झाकलं गेलं, तशी पाऊल टाकता टाकता खाली घेतली. मग ती एका हातात लोंबकळत ठेवून ते बाजूच्या रेषेवरून, सगळ्या प्रेक्षकांसमोरून, चालत निघाले.