चार बोटांची जागा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे. गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाजवळ पोलादी पट्ट्यांची जी चवड असते, तिच्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत लांब. माझ्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही, असे मला नेहमीच वाटत आले. आजही वाटते. पण जे घडले त्यात माझाही थोडा दोष आहे, म्हणून धीर करून सांगतो.

भट्टीत लालबुंद करून मला बाक दिला गेला आणि तेलात बुडवून थंड केले गेले. माझ्याखाली चार पाटे आले, एकापेक्षा एक आखूड. माझ्यासारखाच एक थोरला उजव्या बाजूला होता. आमची आयुष्यात कधी गाठ पडली नाही, पण ओझे आम्ही निम्मे निम्मे वाटून घेत असू. काम सोपे होते. वजन आले की दबायचे, गेले की पुन्हा बाक धरायचा.

आमची गाडी चारही चाकांनी ओढणारी होती, कारण आमच्या वाटाच तशा होत्या. दोन भाऊ मधमाशा पाळत. थोरल्याला सगळे दादा म्हणत. त्याची बायको ती वहिनी, आणि गाडी चालवणारा तो धाकटा. बागा फुलल्या की मधमाशांच्या पेट्या ट्रेलरवर रचायच्या, ट्रेलर गाडीच्या हुकाला अडकवायचा आणि पेट्या डोंगरातल्या बागेत नेऊन ठेवायच्या. फुलोरा संपला की परत आणायच्या. जाताना पेट्या हलक्या असत. येताना त्या मधाने भरलेल्या असत, आणि त्यांचे वजन मला दर वाकणावर मोजून घ्यावे लागे.

वजन मोजायची दादाची एक पद्धत होती. वडिलांनी शिकवलेली. पेट्या रचून झाल्या की तो मागे येई आणि टायर व त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये हात घाली. चार बोटे मावली तर निघायचे. तीनच मावली तर दोन पेट्या खाली. वहिनी चिडवायची, "तुमचा हात मोडला तर आपला धंदाच बंद." दादा हसायचा. पण त्या चार बोटांनी वीस वर्षे आम्हाला सुखरूप घरी आणले. खरे सांगायचे तर ती बोटे मलाच विचारत होती, आणि मी खरे उत्तर देत होतो.

पुढे पेट्या वाढल्या आणि मी थकलो. आधीइतक्याच वजनाला मी जास्त दबू लागलो. गाडी मागून बसे, तोंड वर करी. पहाटेच्या धुक्यात दिव्यांचा झोत रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडे. "आपली गाडी पाखरं उठवत चाललीय," असे धाकटा म्हणे. मला फार लाज वाटे. आपण कुचकामी झालो, असे सारखे मनात येई.

मग एका वर्षी चार बोटे मावेनात, म्हणून बागेतून दोन खेपा कराव्या लागल्या. दुसऱ्या खेपेच्या बंद पेट्या उन्हात राहिल्या आणि सहा पेट्यांतल्या माशा गुदमरून मेल्या. दादाने त्या स्वतः झाडूने काढल्या. त्या दिवशी तो जेवला नाही, असे वहिनी धाकट्याला सांगताना मी ऐकले. पुढच्या वर्षी सगळ्या चाळीस पेट्या एकाच खेपेत आणायच्या, हे त्याने तेव्हाच ठरवले.

म्हणून आम्ही पाटेवाल्या काकांच्या कारखान्यात गेलो. काका बुटके, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. तिथे बराच वेळ चर्चा झाली. धाकट्याला पाट्यांजवळ हवेचे फुगे बसवायचे होते. हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. दादाला फुग्यांचा भरवसा नव्हता. डोंगरात फुटले तर काय? त्याला पाटेच नवे, उंच आणि कडक हवे होते. वहिनीचे म्हणणे निराळे होते. खेपा दोनच करू, पण दुसऱ्या खेपेच्या पेट्या सावलीत ठेवू, मी तिथे बसून राहते. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

काका गाडीखाली सरपटत आले. त्यांनी माझ्यावरची माती बोटाने काढली, आणि तिथूनच बोलले.

"मोडलेला नाहीये हा. तुम्ही भरलेली गाडी आधी काट्यावर घाला. ट्रेलर हुकावर किती दाबतोय ते कळू दे. पाटे कडक केले म्हणून वजन कमी होत नाही. मागे जास्त दाबलं की पुढची चाकं हलकी होणारच, मग गाडी कितीही सरळ दिसो."

"काटा आहे खाली बाजारात आणि पेट्या आहेत डोंगरात," दादा म्हणाला. "मी बोटांनी बघतो ना, काका. आजवर चुकलेलं नाही."

काका हसले. कसली बोटे, ते त्यांनी विचारले नाही.

अखेर मधला मार्ग निघाला. आम्ही पाच जण तसेच राहिलो आणि दोन्ही बाजूंना खाली दोन दोन जाड, नवे पाटे आले. गाडी एकदम ताठ उभी राहिली. मित्रांनो, त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. मला वाटले, गेलेली अब्रू परत आली. धाकट्याने तर गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "म्हातारीनं काठी टाकली बघ."

फुलोरा संपला. त्या सकाळी बागेत चाळीस पेट्या ट्रेलरवर चढल्या. सगळ्यांत जड पेट्या पुढे, हुकाच्या बाजूला आल्या, कारण त्या ट्रेलरला सर्वांत जवळ होत्या आणि आधी चढल्या. मी वाट पाहत होतो की आता दबेन, आता दबेन. पण खालचे दोघे मला दबू देईनात. दादा मागे आला, त्याने हात घातला. चार बोटे गेली, वर आणखी एक जाईल एवढी जागा उरली.

"एवढं सगळं एकदम?" वहिनीने विचारले.

"हात घालून बघ तू."

तिने हात घातला. तिची बोटे सहज आत गेली. ती बाजूला झाली. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या बोटांना मी खोटे उत्तर दिले होते.

वहिनी बाग आवरायला मागे थांबली. धाकटा चालवत होता, दादा शेजारी. चढ होता तोवर काही जाणवले नाही. उतार लागला तसा ट्रेलर मागून रेटू लागला. धाकट्याने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. वळण आले. पुढची चाके वळली, पण हलकी झालेली ती चाके खडीवर नुसती घसरत गेली.

"दादा, वळत नाहीये," तो म्हणाला. ओरडला नाही. घरातली एखादी वस्तू सापडत नाही असे सांगावे, तसे म्हणाला.

ट्रेलर आडवा झाला आणि गाडी धाकट्याच्या बाजूने खडकावर आदळली. पेट्या फुटल्या. लोक धावत आले, पण जवळ कोणाला येववेना, इतक्या माशा चवताळल्या होत्या. दादाचा पाय मोडला होता. तरी तो तोंडावर जाळी नसताना दार ओढत राहिला. धाकट्याशी तो सारखा काहीतरी बोलत होता. आधी उत्तरे येत होती. मग दादा एकटाच बोलत होता.

गाडी भंगारात गेली. काकांनी तिथे जाऊन तेवढे मला सोडवून आणले.

काही महिन्यांनी दादा आणि वहिनी कारखान्यात आले. दादाच्या हातात काठी होती. काका खाली बघत म्हणाले, "बोटांचं तुम्ही बोलला होतात. मी विचारायला हवं होतं." वहिनी म्हणाली, अगदी शांतपणे, "गाडी मागून बसायची ना काका, तेव्हा निदान ओझं दिसत तरी होतं."

भंगारातून आणल्यापासून मी इथे भिंतीवर आहे. कोणी आले आणि म्हणाले, मागून जरा उचलून द्या, तर काका आधी विचारतात, ओझे तुम्ही कशाने मोजता? उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावत नाहीत. काही जण चिडून दुसरीकडे जातात.

मित्रांनो, उपदेश करण्याएवढा मी शहाणा नाही. एवढेच मागतो. कोणी दबलेले दिसले, मग ते यंत्र असो की तुमच्या घरातले माणूस, तर त्याला ताठ करायची घाई करू नका. आधी त्याच्यावर किती ओझे आहे ते पाहा, आणि जमले तर थोडे उतरवा.

आता माझ्यावर काहीच वजन नाही. जुना बाक थोडासा परत आला आहे, त्यामुळे भिंत आणि मी यांच्यामध्ये जरा जागा राहते. ती दोघे कारखान्यात आली होती, त्या दिवशी निघताना दादा माझ्यापाशी थांबला. त्याने त्या जागेत हात घातला. चार बोटे मावली. तो कितीतरी वेळ तसाच उभा होता. शेवटी वहिनीने त्याचा हात धरून बाहेर काढला.