संघटनेची फीत, ठेकेदाराचं दार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कॅप्टनने मला पहिल्यांदा गळ्यात घातलं. माझा जन्म तिथूनच धरा. मी फीत बोलतेय. पिवळी, बोटभर रुंद, टोकाला ओळखपत्र अडकवायचा आकडा. अंगावर छापलंय, 'आमचं विमान, आमचाच वैमानिक'. वैमानिकांच्या संघटनेने माझ्यासारख्या पुष्कळ शिवून घेतल्या होत्या. कंपनीची निळी फीत त्या दिवशी सगळ्यांनी काढून खिशात घातली.

भांडण साधंच होतं. लहान गावांना जाणारी विमानं कंपनीने एका ठेकेदाराला चालवायला दिली. विमानाचा रंग तोच, शेपटीवरचं चिन्ह तेच. चालवणारे तेवढे दुसरे, निम्म्या पगारात. आमचा कॅप्टन घरी.

विमान घरावरून गेलं की त्याची मुलगी खिडकीतून हात हलवायची. "बाबा गेला!"

बाबा मागे बटाटे सोलत असायचा. "गेला हो," म्हणायचा.

पूर्वी तो उडाला की बायकोचा जीव टांगणीला लागायचा. आता उडत नाही म्हणून लागतो. जिवाला टांगायला काहीतरी लागतंच.

"अहो, ठेकेदाराकडे भरती आहे म्हणे. जाऊन तर या."

"तिथे पहिल्यापासून सुरुवात. कॅप्टनची डावी खुर्ची सोडून उजवीकडे नवख्यासारखं बसायचं."

"खुर्ची तर आहे ना? इथे पिठाच्या डब्यावर बसलाय."

संघटनेत कळलं तर काय म्हणतील, हे तो बोलला नाही. बायकोने पांढरा शर्ट इस्त्री केला, मुलीला कडेवर घेतलं आणि दारात उभी राहिली. तो शर्ट घालून निघाला. निघताना हात सवयीने खुंटीकडे गेला आणि मी गळ्यात आले. कुणाच्याच लक्षात आलं नाही. फीत नसेल तर वैमानिकाला अंगात शर्ट नसल्यासारखं वाटतं.

ठेकेदाराचा साहेब स्वतः वैमानिकच होता. त्याने मला शांतपणे वाचलं. "आमचं विमान, आमचाच वैमानिक. बरं."

कॅप्टनने मान खाली घालून पाहिलं. कान लाल झाले. मला ओढून काढायला लागला.

"राहू द्या. या आठवड्यातले तुम्ही चौथे. सगळे घालूनच येतात."

मग साहेबाने उठून दार लावून घेतलं. "कंपनीला आमच्याहून स्वस्त ठेकेदार मिळालाय. पुढच्या महिन्यापासून आम्हीपण घरी."

"मग भरती कशाला?"

"पाटी काढायची राहिली." साहेबाने माझं टोक चिमटीत धरून पाहिलं. "अशा आणखी आहेत का हो?"

घरी बायको दारातच उभी होती. "झालं का काम?"

"नोकरी नाही. चाळीस फितींची मागणी आहे."

तिने मुलीला कडेवरून खाली उतरवलं. मग म्हणाली, "बटाटे राहू द्या. आधी शिलाई मशीनवरचे कपडे उचला."

सध्या मी शिलाई मशीनवर नमुना म्हणून पडून आहे. माझ्याकडे बघून पिवळ्या पट्ट्या कापणं चाललंय. शनिवारी सकाळी विमानतळामागच्या कॅन्टीनमध्ये दोन्हीकडचे वैमानिक एकत्र बसणार आहेत. सगळे मिळून विमानं थांबवायची की नाही, ते तिथे ठरेल. तुमच्या ओळखीत कुणी विमान चालवत असेल, तर त्याला यायला सांगा. आणि त्या नव्या, स्वस्त ठेकेदाराकडची पोरं भेटली, तर त्यांना आवर्जून सांगा. त्यांना अजून वाटतंय, नोकरी लागली.