नावडता तळ

गोष्टीतल्या राजाला एक आवडती राणी असते आणि एक नावडती. हवाई दलातून निवृत्त झालेल्या माणसाला तसेच दोन तळ असतात. मधले सगळे तो विसरतो. रेडिओच्या दुकानामागच्या खोलीत महिन्यातून एकदा जमणाऱ्या म्हाताऱ्यांचं सगळं बोलणं या दोन राण्यांभोवती फिरायचं, आणि नावडतीची चर्चा जास्त रंगायची.

रेडिओ म्हणजे पूर्वीचा वायरलेस ऑपरेटर. आता तो पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. त्यामुळे त्या खोलीत बसायचं तर आधी कुणाचा तरी मिक्सर मांडीवर घ्यावा लागे. त्याचा आवडता तळ समुद्राकाठचा. मेसमध्ये आचारी असलेल्याचा नावडता तळ डोंगरावरचा, कारण तिथे पाणी खळाखळा उकळायचं आणि बटाटे कच्चेच राहायचे, आणि साहेबाच्या शिव्या मात्र डोंगराला खाव्या लागत नसत. पण सगळ्यांत गाजलेला नावडता तळ होता विमानांची इंजिनं बघणाऱ्या फिटरचा. वाऱ्याचा तळ.

"तिथला वारा म्हणजे," फिटर सुरू करायचा, "गेटवर डोक्यावर घातलेली टोपी रनवेच्या दुसऱ्या टोकाला सापडायची. तीही दुसऱ्याच्या डोक्यावर." आचारी हसायला आधीच तयार असायचा. "दात घासायला पावडर लागायची नाही. तोंड उघडायचं, वाळू आपोआप आत. कपडे वाळत घातले की संध्याकाळी दोरीवर शेजाऱ्याचे." ही टेप इतक्यांदा वाजली होती की एखादं वाक्य सुटलं तर बाकीचे ते पुरवायचे. वाऱ्याखेरीज त्या तळाबद्दल फिटर काहीच कसं सांगत नाही, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याची बायको त्या खोलीत एकदाच आली होती, त्याचा विसरलेला चष्मा द्यायला. रेडिओने गमतीत विचारलं, "वहिनी, तुमचा नावडता तळ कोणता?"

"नावडता नाही सांगता यायचा," ती म्हणाली. "आवडता विचाराल तर वाऱ्याचा."

खोली हसली. आचारी म्हणाला, आता यांचं घरी काही खरं नाही. फिटरने मांडीवरच्या मिक्सरचं झाकण उघडलं आणि बंद केलं.  घरी त्या तळाविषयी दोघं कधीच बोलत नसत.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस चालू राहायला लागला, मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग फोनवरचा मुलाचा आवाज कुणाचा ते कळेना. तेवढ्यावर भागलं असतं तर फिटरने निभावून नेलं असतं. विमानाचं इंजिन कुरकुर करायला लागलं की त्याच्याशी जसं बोलत बोलत काम करायचं, तसं त्याने तिच्याबरोबर चालवलंच होतं. पण रोज संध्याकाळी, ऊन ओट्यावरून उतरलं की ती कापडी पिशवी घ्यायची, तिच्यात कंगवा आणि टॉवेल टाकायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची.

"अहो, चला. क्वार्टरवर जायचंय."

"कुठल्या क्वार्टरवर?"

"पाण्याच्या टाकीसमोरच्या. माझं राहिलंय तिथे."

"काय राहिलंय?"

यावर ती पिशवी चाचपायची. काय राहिलंय ते तिलाही सापडत नव्हतं आणि राहिलंय एवढं पक्कं ठाऊक होतं. फिटरला ते बघवत नसे. टाकीसमोरचं क्वार्टर म्हणजे वाऱ्याच्या तळावरचं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

दोनदा ती निसटली. एकदा पावाच्या गाडीवाल्याने ओळखून आणून सोडलं. दुसऱ्या वेळी बस डेपोत सापडली, अनवाणी, एकेका कंडक्टरला विचारत. कंडक्टर भला माणूस. त्याने तिला बाकावर बसवून पाणी दिलं होतं. फिटर धापा टाकत पोचला तेव्हा ती त्याच्यावरच चिडली, की इतका उशीर का केलात.

मुलाचा फोन आला. "बाबा, आता तिला जिथे माणसं चोवीस तास लक्ष ठेवतात तिथे ठेवू या. तिसऱ्यांदा गेली आणि गाडीखाली आली तर? की बाहेरून कुलूप लावून बसणार आहात?"

"बघू," फिटर म्हणाला.

"बघू नाही. महिनाअखेरीस मी येतोय आणि मग ठरवायचं."

मुलाचं चुकत नव्हतं, म्हणून फिटरला जास्त राग आला. बायकोला परक्यांच्या हाती द्यायला त्याचं मन घेत नव्हतं. त्या क्वार्टरवर काय राहिलंय ते कळलं तर ते आणून देता येईल, देता नाही आलं तर तसलंच दुसरं शोधता येईल, असं त्याने मनाशी धरलं. जन्मभर बिघाड शोधणाऱ्याला दुसरं काय सुचणार?

पुढच्या बैठकीत त्याने टोपीची गोष्ट सांगितली नाही. विचारलं, "वाऱ्याच्या तळावरची आपली क्वार्टरं आतून कशी होती रे? स्वयंपाकघर वगैरे?"

त्यांच्यातले तिघेचौघे फिटरच्या मागून त्या तळावर बदलून आले होते. हँगरचं कुठलं दार अडकायचं हे त्यांना आठवत होतं. गार्डरूमच्या लंगड्या कुत्र्याचा रंग आठवत होता. रनवेला कुठे तडा होता यावरून पाच मिनिटं भांडण झालं. स्वयंपाकघराशी आल्यावर सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली.

"ओटा होता," आचारी म्हणाला.

"ओटा सगळीकडेच असतो. तू तर आचारी ना रे?"

"घरी कधी शिजवलं मी?"

वर्षानुवर्षं तिथे दोन वेळा जेवलेली ही माणसं, आणि एकालाही भिंतीचा रंग सांगता येईना. फिटरलाही येईना. शेवटी रेडिओ म्हणाला, "टायरच्या बायकोला विचार. ती तुमच्या शेजारीच राहायची."

टायर चाकं आणि ब्रेक बघायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची बायको एका जिन्याखालच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायची. फिटर गेला तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढून तिने त्याला स्टूल दिलं, त्याचं सगळं ऐकलं, आणि कपाळाला हात लावला.

"भावजी, तुमचंच स्वयंपाकघर आणि मला विचारताय? भिंत विसरलात?"

"कसली भिंत?"

"तुम्हीच रंगवलेली."

मग त्याला आठवलं.

हँगरमध्ये हत्यारांचा फळा असायचा. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पक्कडीची काळी सावली फळ्यावर रंगवलेली, आणि त्या सावलीवरच ते हत्यार टांगायचं. काम संपलं की फळ्याकडे एक नजर टाकायची. एक जरी सावली उघडी दिसली तरी विमान हलत नसे आणि माणूसही घरी जात नसे, कारण विसरलेला पाना विमानात राहिला तर वर गेल्यावर तो काय करील याचा नेम नाही. अशाच एका हरवलेल्या स्क्रूड्रायव्हरपायी फिटर फार उशिरा घरी आला होता आणि बायको तणतणली होती. दुसऱ्या दिवशी त्याने थट्टेने स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिच्या भांड्यांच्या सावल्या रंगवून दिल्या. तिने ती थट्टा मनावर घेतली. रोज भांडी घासून झाली की ती सगळं जागच्या जागी टांगायची आणि हँगरमधल्यासारखी हाक द्यायची, फळा पूर्ण.

"आम्हा सगळ्यांना हेवा वाटायचा हो," टायरची बायको म्हणाली. "आमच्या नवऱ्यांनी कधी एक खिळा ठोकला नाही. आणि खालच्या ओळीत, तिच्या हाताला येईल असा, छकुलीचा कप. निळ्या काठाचा."

एवढं बोलून ती मशीनकडे वळली आणि सुईत दोरा आहे की नाही ते पाहू लागली. दोरा होता.

छकुली त्यांची पहिली मुलगी. त्या तळावरच चालायला शिकली आणि त्या तळावरच गेली. ताप चढत गेला, तळावरच्या डॉक्टरने मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. रस्ता लांबचा होता, पण तळावर एक लहान विमान होतं. फिटरने स्वतः ते तयार केलं, इंजिन फिरवून पाहिलं, चाकांखालचे ठोकळे काढायला हाताशी माणूस उभा केला. आणि वारा पडेना. वैमानिक कॉकपिटमध्ये बसून होता, तोही रडवेला झाला होता, पण तसल्या वाऱ्यात उडणं म्हणजे सगळ्यांचाच जीव घालवणं. उजाडेपर्यंत वारा पडला नाही. पडला तेव्हा विमानाची गरज राहिली नव्हती.

त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही, नंतर तळावर बदलून आलेल्यांनाही ते कळलं नाही. मागून झालेल्या मुलाला आपल्याला एक बहीण होती हे मोठेपणी कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. आणि बापाने वाऱ्याचे विनोद तयार केले.

येताना फिटरने काळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको झोपल्यावर तो भिंतीशी उभा राहिला. झारा, सांडशी, गाळणी, किसणी, उलथनं, एकेक भिंतीला टेकवून त्याने कडेने रेघ मारली. हात कापत होता, त्यामुळे सांडशीला पायच पाय फुटले. खिळे ठोकताना आवाज नको म्हणून हातोडीला फडकं गुंडाळलं. खालच्या ओळीत कपाच्या जागेपाशी तो थांबला. टेकवायला कप नव्हता. काढू नये असंही वाटलं. शेवटी त्याने नुसत्या आठवणीने काढला, आणि तेवढी एकच रेघ न थरथरता आली.

संध्याकाळी ती पिशवी घेऊन आली आणि भिंत बघून थबकली. पिशवी तिने ओट्यावर ठेवली. काही न विचारता एकेक वस्तू उचलून टांगायला लागली. कुठली कुठे जाते ते तिला बरोबर कळत होतं. फिटरचा जीव भांड्यात पडला. हेच राहिलं होतं म्हणायचं, ही भिंत. आता मुलाला सांगता येईल.

खालच्या ओळीपाशी तिचा हात थांबला.

"कप कुठाय?"

फिटर पुढे झाला.

"कप राहिलाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "अहो, तोच राहिलाय तिथे. बदली झाली तेव्हा मी सगळं घर पालथं घातलं. तुम्ही ट्रकवाल्याला हॉर्न वाजवायला लावलात. मला नाही सापडला. पोरीची एवढी एक वस्तू, तीसुद्धा मला सांभाळता आली नाही."

ती ओट्याखाली वाकून डबे बाहेर काढायला लागली. फिटर बघत राहिला. इतकी वर्षं, प्रत्येक बदलीला, प्रत्येक नव्या घरात ती सगळ्या पेट्या तळापर्यंत का उपसायची ते त्याला आज कळत होतं. त्याला वाटायचं, बायकोला आवराआवरीची हौस आहे. त्यावरही त्याने विनोद केले होते.

तो गुडघ्यावर बसला आणि तिचे हात धरले.

"तो तू नाही हरवलास. मी ठेवला तो."

"कुठे?"

"तिच्या पेटीत. तिला न्यायला सुताराने पेटी आणली, तुम्ही बायका आतल्या खोलीत होतात. मी ठेवला आणि झाकण लावलं."

"तुम्ही?"

"मी."

"तिच्या हातात?"

"हाताशी."

 ती म्हणाली, "तिला दुसऱ्या कशातून पाणी चालायचं नाही."

"म्हणूनच ठेवला."

"मला सांगायचं तरी, अहो."

"हो," फिटर म्हणाला. "सांगायला हवं होतं." त्याला रडू आवरेना. तीही रडली, दोघं ओट्याखालच्या डब्यांमध्ये जमिनीवर बसून रडली. नंतर ती उठली, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे फळा पूर्ण आहे." पिशवीतून कंगवा आणि टॉवेल काढून तिने जागेवर ठेवले.

दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा पिशवी घेऊन आली. तिला काही आठवत नव्हतं. तिने भांडी टांगली आणि कप कुठाय म्हणून विचारलं. फिटरने पुन्हा सांगितलं. ती पुन्हा नव्याने रडली. मुलाला त्याने फोनवर कळवलं की आई कुठेही जाणार नाही, इथेच राहील. का ते मात्र फोनवर सांगता आलं नाही. मुलगा घरी आला की त्याला भिंतीसमोर उभं करून ते सांगायचं असं त्याने ठरवलं. जे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं ते आता त्याला रोज सांगावं लागतं, आणि रोज ते पहिल्यांदाच सांगितल्यासारखं जड जातं. पण ती दाराशी जात नाही.

परवा सगळं सांगून झालं, रडून झालं, तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला नाही का हो आवडायचं तिथे?"

फिटरच्या ओठांवर टोपीची गोष्ट आली होती. ती त्याने गिळली.

"मी हँगरमधून आलो की ती तो कप फरशीवर आपटत दारात यायची," तो म्हणाला. "टाकीपासूनच ऐकू यायचं. मग मी भराभर चालायचो."

"म्हणजे आवडायचं."

"आवडायचं," फिटर म्हणाला.