लवंगी आणि ढबूच्या मध्ये

मंगळवारी सकाळी मी आमच्या गॅलरीतली भिंत झाले. भिंत म्हणावं असं सुरुवातीला माझ्यात फारसं काही नव्हतं. उंची पाच फूट दोन इंच आणि रुंदी एका बाईइतकी. पण काम होत होतं, आणि आमच्या घरात काम होतंय म्हटल्यावर ते कोण करतंय हे कोणी विचारत नाही.

गॅलरीत डाव्या अंगाला माझ्या दादाच्या लवंगी मिरच्या आहेत, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावलेल्या. उजव्या अंगाला वहिनीच्या ढबू मिरच्या, मातीच्या कुंड्यांत. दादा त्याच्या झाडांवर आंबट ताक फवारतो. वहिनी तिच्या झाडांना चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं घालते. दोघंही एकमेकांची पद्धत चुकीची आहे असं रोज सांगतात, आणि बहुतेक वेळा मला सांगतात. मी दादाची धाकटी बहीण. एक्केचाळीस वर्षांची, लग्न न झालेली, हॉलमधल्या दिवाणावर झोपणारी.

सोमवारी वहिनीनं या मोसमाची पहिली ढबू काढली आणि पीठ पेरून भाजी केली. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या घासाला ती उठून नळाखाली तोंड धरून उभी राहिली. ढबू तिखट झाली होती, लवंगीपेक्षाही. तुझ्या दादाच्या मिरच्यांनी माझ्या मिरच्या बिघडवल्या, असं तिनं मला सांगितलं. तिची जीभच मुळात तशी आहे, असं दादानं मला सांगितलं.

मध्ये चादर बांधून पाहिली. तासाभरात चादर लाल झाली, आणि ती धुताना माझे हात कोपरापर्यंत पोळले. मग प्लायवूडचा तुकडा उभा केला. बोकड्या रोग पडल्यावर मिरचीची पानं वळतात तसा तो वळला आणि गळून पडला. मंगळवारी सकाळी दोघं गॅलरीतच भांडायला लागले. मी सवयीनं मध्ये जाऊन उभी राहिले, चहाचा कप हातात तसाच. भांडण संपल्यावर वहिनीनं एक ढबू तोडून चाखली. ती गोड होती.

"जरा थांब तशीच," वहिनी म्हणाली.

मी सांगितलं की मला थांबता येणार नाही. त्यांना ते माहीत होतं. तेराव्या दिवशी, एक तारखेला, सोमवारी, सकाळी सातच्या एसटीनं मला गुहागरला जायचं होतं. तिथल्या मुलींच्या निवासी शाळेत मला गणित शिकवायची नोकरी मिळाली होती, कायमची, आणि नोकरीबरोबर राहायला एक खोली होती. त्या दिवशी हजर झाले नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. नोकरीसाठी मी खूश होते असं सगळ्यांना सांगायचे. खरं सांगायचं तर मी खोलीसाठी खूश होते. रात्री झोपताना पाहुण्यांनी उठायची वाट बघावी लागणार नाही, एवढ्या एका गोष्टीनं मला आठवडाभर हसू येत होतं.

"एक तारखेला अजून वेळ आहे की," दादा म्हणाला. ते खरंच होतं.

उभं राहून झोपायला दोन दिवसांत जमतं. माझं तोंड कठड्याकडे होतं, डावा हात लवंगीकडे, उजवा हात ढबूकडे. गुरुवारपर्यंत माझा डावा तळवा सतत पोळायला लागला आणि डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. उजवा डोळा कोरडा होता आणि त्याला सगळं छान दिसत होतं. जेवण दोघंही भरवायचे, आपापल्या बाजूनं. दादा डाव्या गालात झणझणीत रस्सा घालायचा, वहिनी उजव्या गालात दहीभात. मधमाश्या लवंगीच्या फुलांवरून उडत यायच्या, माझ्या खांद्यावर आपटायच्या आणि परत फिरायच्या. त्यांचाही माझ्यावर राग असावा.

शुक्रवारी दादानं आणखी चार बादल्या आणल्या. गॅलरीत जागा नव्हती म्हणून त्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी ठेवल्या. वहिनीनं लगेच समोर चार कुंड्या मांडल्या. नियम सोपा होता. लवंगी आणि ढबू जिथं समोरासमोर येतील तिथं मी असायला हवं. शनिवारी जाग आली तेव्हा मी उंबरठा ओलांडून हॉलमध्ये गेलेली होते. चेहरा गॅलरीतच राहिला होता, मी मागे मागे वाढले होते. दुखलं नाही. सकाळी अंथरुणात आळस दिल्यावर पाठ जशी सुटते तसं वाटलं, फक्त ती आखडून परत आली नाही.

लांबी वाढली तशी जाडी कमी झाली. दादानं पट्टी लावून पाहिली आणि चार इंच म्हणाला. आतल्या भिंतीला एवढी चालते, असंही म्हणाला. उंची मात्र छताला जेमतेम वीतभर कमी राहिली. त्या फटीतून दोघं एकमेकांना वस्तू द्यायला लागले, कारण घराचे आता दोन भाग झाले होते आणि माझ्या टोकाला वळसा घालून जायचा दोघांनाही कंटाळा होता. गॅस, टीव्ही आणि बाहेरचं दार दादाकडे. न्हाणीघर, पाण्याचा नळ आणि शिलाई मशीन वहिनीकडे. पाण्याची कळशी तिकडून इकडे यायची, शिजलेला भात इकडून तिकडे जायचा, आणि दोन्हींतलं थोडं थोडं माझ्या अंगावर सांडायचं. बोलणं मात्र फटीतून जात नव्हतं. ते मीच पोचवायचे. दादा म्हणतोय भातात मीठ कमी आहे. वहिनी म्हणतेय शिजवणाऱ्यानं बघून घालावं. पूर्वीही मी हेच करत होते, फक्त तेव्हा मधूनमधून बसायला मिळायचं.

रविवारी वहिनीनं माझ्यावर कॅलेंडर लावायचं ठरवलं. हॉलच्या भागात कुठंतरी, पूर्वी पाठ संपायची त्याच्या बऱ्याच मागं, मला खिळ्याचं टोक लागलं.

"दुखतंय का गं?" तिनं विचारलं.

"थोडं."

"लहानच आहे," ती म्हणाली आणि ठोकला.

वहिनी वाईट नाही. तिनं एक तारखेभोवती लाल पेननं गोल केला आणि मला तसं येऊन सांगितलं. दररोज सकाळी एक तारीख खोडायचं कामही ती न चुकता करत होती. पेनाचं टोक मला कळायचं.

गुहागरच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन बुधवारी आला. वहिनीनं फोन माझ्या उजव्या कानाशी धरला. बाईंनी खोलीला रंग दिल्याचं सांगितलं, फिकट निळा. खिडकीतून समुद्र दिसत नाही, मध्ये माडाची बाग आहे, पण आवाज येतो म्हणाल्या. "चौगुले बाई, एक तारखेला दुपारी एकच्या आत सही व्हायला हवी, ती माझ्याही हातात नाही," असं त्यांनी दोनदा बजावलं. मी नक्की येते म्हटलं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. डाव्या डोळ्यातून पाणी वाहतच होतं, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी बुगडे मामा आले. त्यांची रंकाळ्याच्या बाजूला रोपवाटिका आहे आणि दादा बी-खत त्यांच्याकडूनच आणतो. ते दारातून दादाच्या बाजूला आले, गॅलरीत येऊन कठड्यावरून पलीकडे वाकले आणि एक ढबू तोडून कचकन खाल्ली. मग माझ्याकडे पाहिलं.

"पोरीला कशापायी हुबं केलंय?"

दादानं सांगितलं. बुगडे मामा हसले नाहीत. शेजारच्या झाडाचे पराग लागून यंदाचं फळ तिखट होत नसतं, असं त्यांनी समजावलं. फळ आपल्या झाडाच्या वळणावर जातं. संकर उतरतो तो बियांत, आणि ते बी पेरलं की पुढच्या वर्षी कळतो. वहिनीनं यंदा कुठलं बी लावलं होतं, असं त्यांनी विचारलं. घरचंच, वहिनी म्हणाली, गेल्या साली गॅलरीत पिकलेल्या ढबूचं.

"मग त्येच की. सगळ्या नसतील तिखट, येखादं झाड असंल. ते उपटा आन् पोरीला सोडा. हिनं हुबं राहून काय बी होत न्हाई."

मला इतका आनंद झाला की हॉलपर्यंतची सगळी मी थरथरले आणि कॅलेंडर हललं. शुक्रवार, शनिवार, रविवार. बॅग भरायला तीन दिवस पुष्कळ होते.

बुगडे मामा गेल्यावर वहिनीनं कुंड्यांतल्या ढबू एकेक करून मोजल्या. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे यंदाच्या बियांसाठी तरी मध्ये कोणीतरी लागणारच की."

ती ते मला म्हणाली होती, दादाला सांगण्यासाठी. मी सांगायला नको होतं. पण बावीस वर्षांची सवय अशी तासाभरात जात नाही. मी डावीकडे वळून म्हटलं, "वहिनी म्हणतेय, यंदाच्या बियांसाठी तरी मध्ये कोणीतरी लागणारच."

दादानं विचार केला. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला.

मी उजवीकडे वळले. "दादा म्हणतोय, बरोबर आहे तुझं."

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते माझ्याच तोंडून झालं. फळं झाडावर लाल होऊन पिकायला हवीत, मग बी काढून सावलीत वाळवायचं. म्हणजे दोन महिने. त्यानंतर पुढची लावणी. मी नोकरीचं बोलले तेव्हा दोघांनीही माझ्या अंगावरून हात फिरवला, आपापल्या बाजूनं.

मग मी डोकं चालवलं. कुंड्या मांडल्या की मी वाढते. कुंड्या बाहेरच्या दारापर्यंत गेल्या तर मीही दारापर्यंत जाईन, आणि दाराबाहेर जिना आहे. मी दादाला सांगितलं की दाराशी सकाळचं ऊन फार चांगलं येतं. वहिनीला सांगितलं की दादा दाराशी बादल्या मांडणार आहे. शुक्रवारी मी चपलांच्या मांडणीपर्यंत पोचले. शनिवारी मीटरच्या पेटीपर्यंत. रविवारी दुपारी माझ्या पाठीला चौकटीचं लाकूड लागलं आणि जिन्यातली गार हवा आली. खालच्या मजल्यावर कोणीतरी मासे तळत होतं, तो वास मला गॅलरीत आला. आणखी दोन कुंड्या, आणि मी घराबाहेर असणार होते. एसटी स्टँडपर्यंत किती कुंड्या लागतील याचा हिशेब मी मनात करून टाकला. गणिताची बाई आहे मी, आणि तो येत होता.

पण दोन कुंड्या कोणी मांडल्या नाहीत. बाहेरचं दार दादाच्या बाजूला उघडतं, आणि मी चौकटीला टेकल्यावर वहिनीला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. इतके दिवस ती माझ्या टोकाला वळसा घालून जात होती. तिला सोमवारी बाजारात जायचं होतं. भिंत आखूड करता येत नाही, असं दादा म्हणाला, बियांचा प्रश्न आहे. पण भिंतीत दार करता येतं.

सोमवारी सातला, गुहागरची गाडी सुटते त्या वेळी, सुतार आला. भास्कर मिस्त्री, शांत माणूस. त्यानं हॉलमध्ये माझ्यावर पेन्सिलीनं सहा फूट बाय अडीच फुटांची चौकट आखली आणि बोटानं टकटक केली. आतून पोकळ आहे, लवकर होईल, असं त्यानं दादाला सांगितलं. करवत लागली तेव्हा दुखलं नाही, गार वाटलं. भुसा दोन्हीकडे सारखा पडला. वहिनीनं कॅलेंडर आधीच काढून बाजूला ठेवलं होतं.

पाऊण वाजता फोन वाजला. वहिनीनं तो माझ्या उजव्या कानात आणि खांद्यात अडकवून दिला, कारण तिला नवीन दार बघायचं होतं.

"कुठवर आलात, चौगुले बाई?" मुख्याध्यापिका विचारत होत्या. मागून मुलींचा गलका ऐकू येत होता, आणि त्याच्याही मागून आणखी एक आवाज, एकसारखा.

"दारापर्यंत आलेय," मी म्हटलं.

"अहो मग या की आत. मी रजिस्टर उघडं ठेवून बसलेय."

हॉलमध्ये भास्कर मिस्त्रीनं कडी कोणत्या बाजूला लावायची ते विचारलं. दादा म्हणाला, माझ्या बाजूला. मी ते वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, माझ्या बाजूला. मी ते दादाला सांगितलं. मिस्त्रीनं थोडी वाट पाहिली आणि पिशवीतून आणखी एक कडी काढली. बाई फोनवर विचारत होत्या, कोणाशी बोलताय तुम्ही?

मिस्त्रीनं दार लावून पाहिलं. ते चौकटीत बसेना. त्यानं रंधा मारला, पुन्हा लावलं, पुन्हा अडलं. मग तो गॅलरीपर्यंत चालत आला आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलला.

"ताई, तुमचा श्वास चाललाय म्हणून अडतंय. जरा रोखून धरा."

"किती वेळ?" मी विचारलं.

"कड्या बसेपर्यंत," तो म्हणाला आणि आत गेला.

मी श्वास रोखला. दार बरोबर बसलं. डावीकडून एक कडी सरकली, मग उजवीकडून दुसरी. हॉलमध्ये दोघंही, छान झालं, म्हणाले, आणि ते मला कोणाला सांगावं लागलं नाही. आता श्वास सोड, असं मात्र कोणी म्हणालं नाही. कानात बाई म्हणत होत्या की एकला दोन मिनिटं कमी आहेत, चौगुले बाई, नुसतं हो म्हणा, मी नाव लिहून टाकते, नुसतं हो म्हणा.