नऊ चाळीसचा फोन

“केस माझे गेलेत. दाढी तुम्ही का वाढवलीय?” रत्नप्रभाने आतल्या खोलीतून विचारलं.

कुंडलिक दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने हनुवटीवरून हात फिरवला. पाच-सहा दिवसांची तरी असावी.

“मला कुठं जायचंय?”

“मला बघायला लागते ना ती.”

“मग बघू नको.”

“घरात दोन माणसं. तुम्हाला नको बघू तर काय पंख्याला बघू?”

यावर तो थोडा हलला, पण उठला नाही. रत्नप्रभाने डोक्याचा रुमाल सारखा केला आणि ती उशीला टेकली. एवढं बोलण्यातसुद्धा तिला धाप लागली होती.

मुंबईत नळाला पाणी आपोआप येतं असा पुष्कळांचा समज असतो, म्हणून सांगायला हवं. ते आपोआप येत नाही. कुणीतरी पहाटे चार वाजता माणसाच्या छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी आत उतरवतो आणि मोजून फेरे देतो. मग त्या गल्लीत पाणी येतं. दीड-दोन तासांनी तो तेवढेच फेरे उलटे देतो आणि पुढच्या गल्लीला जातो. याला चावीवाला म्हणतात, आणि झाकणाखालच्या व्हॉल्व्हलाही चावीच म्हणतात. कांदिवली पूर्वेला कुंडलिकने हे काम चौतीस वर्षं केलं. त्याला दहा मिनिटं उशीर झाला तर दोन हजार घरांतून त्याच्या आईचा उद्धार व्हायचा, म्हणून त्याने उशीर कधी केला नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या तारखेला तो निवृत्त झाला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण, सगळं यथासांग झालं. आता रत्नप्रभाला घेऊन वैतरणा आणि भातसा बघून यायचं त्याने ठरवलं होतं. आयुष्यभर ज्या तलावांचं पाणी सोडलं ते त्याने एकदाही पाहिले नव्हते. पण जूनमध्ये रत्नप्रभाच्या काखेत गाठ सापडली आणि जुलैत केमो सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतील, साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. कुणाला घरात घ्यायचं नाही आणि गर्दीत जायचं नाही. “दवाखाना सोडला तर काकांनीसुद्धा नाही,” असंही त्यांनी बजावलं. तो जे बाहेरून आणेल ते हिलाच लागणार होतं.

मग सातव्या मजल्यावरचं ते दोन खोल्यांचं घर बंद झालं. मुलगी क्षमा मुलुंडला राहायची. तिच्या पोरांची नाकं बारा महिने वाहती, त्यामुळे ती भाजीची पिशवी दाराच्या कडीला अडकवायची आणि लिफ्टपाशी उभी राहून आईशी बोलून, डोळे पुसत परत जायची. रविवारचं बुद्धविहारात जाणं सुटलं, युनियनच्या ऑफिसातला कॅरम सुटला.

कुंडलिकच्या कामात कसूर नव्हती हे कबूल केलं पाहिजे. तो पाणी उकळायचा, मऊ भात करायचा, गोळ्या द्यायचा, दिवसातून चार वेळा तिचा ताप मोजून फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा. पण एक काम संपलं की तो दिवाणावर आडवा व्हायचा आणि दुसऱ्या कामाची वेळ होईपर्यंत मेल्यासारखा पडून राहायचा. पहाटे चारला डोळे उघडायचे. उठून करायचं काय, हे सुचायचं नाही. पुन्हा डोळे मिटायचे ते नऊ-नऊ वाजेपर्यंत. आंघोळ दुपारवर गेली. पुढेपुढे ती एक दिवसाआड झाली.

एके दिवशी तो उठला तेव्हा दहा वाजले होते. तो धडपडत फ्रिजपाशी गेला. कागदावर आठ वाजताच्या रकान्यात ‘९९.१’ लिहिलेलं होतं. अक्षर रत्नप्रभाचं होतं, वाकडंतिकडं, कारण तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. ती भिंतीला धरत स्वतः उठली होती.

“हाक मारायची ना,” तो ओशाळून म्हणाला.

“मारली की दोनदा.” ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. “इथं बसा जरा. मी बरी होईन का नाही ते डॉक्टर बघतील. पण तुम्ही असे पडून राहता ना, मग मलापण उठू वाटत नाही. मी म्हणते, एवढा दांडगा गडी उठत नाही, मग मीच कशाला जिवाला त्रास देऊ?”

कुंडलिक मान खाली घालून बसला. त्याला मनापासून लाज वाटली. उद्यापासून सुधारायचं असंही त्याने ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी तो साडेनऊला उठला. मन असं बोलून ताळ्यावर येत असतं तर काय हवं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी सकाळी नऊ चाळीसला फोन वाजला.

“कुंडलिककाका? चेतना बोलतेय, पाणी खात्यातून.”

तो उठून बसला. चेतना मॅडम म्हणजे त्याच्या विभागातल्या दुय्यम अभियंता. वय पस्तिशीच्या आतलं, बोलणं तोफेसारखं. शेवटची दोन वर्षं त्याने त्यांच्या हाताखाली काढली होती.

“काका, पोईसरच्या पुलाकडची एक चावी सापडत नाहीये. नकाशात आहे, रस्त्यावर नाहीच.”

“रस्त्यावर कशी दिसेल मॅडम? तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेत ना. शाळेच्या गेटपासून नऊ पावलं चाला. माझी नऊ हां, तुमची अकरा होतील. तिथं पहारीने ठोका, पोकळ आवाज येईल.”

“फेरे किती?”

“एकोणीस. विसाव्याला जोर लावला तर दांडा तुटेल, आणि मग वाट लागली समजा अख्ख्या गल्लीची.”

फोन ठेवला तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. दिवाणावरून कधी उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ चाळीसला फोन. तिसऱ्या दिवशीही. नवीन माणसांना काही ठाऊक नाही, मॅडम म्हणायच्या, सगळं तुमच्या डोक्यात राहिलंय काका. हे अगदी खोटं नव्हतं. कुठली चावी उलट्या बाजूने फिरते, कुठल्या झाकणाखाली गॅस साठतो, कुठली चावी अर्धीच उघडायची नाहीतर टेकडीवरच्या घरांना थेंब मिळत नाही, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. कुंडलिक सांगायचा आणि सांगताना त्याची उजवी मूठ आपोआप हवेत फिरायची.

आठवडाभराने त्याने दाढी केली. पुढच्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट घातला.

“फोनवर कोण बघतंय तुमचा शर्ट?” रत्नप्रभाने विचारलं.

“बघत नाही गं. पण बनियनवर बसून साहेबाशी बोलायचं म्हणजे आवाज बनियनसारखाच येतो.”

ती हसली. तोंडात फोड आले होते म्हणून हसताना तिने गालाला हात लावला.

फोनच्या आधी आंघोळ उरकायची, म्हणजे सातला उठणं आलं. सातला उठला की आठचा ताप आठलाच मोजला जायचा. क्षमाकडून त्याने शंभर पानी वही मागवली आणि दुपारभर बसून तो गल्ल्या काढू लागला. चावीला गोल, झाकणाला चौकोन. रत्नप्रभा पलंगाच्या दाराकडच्या कडेला झोपायला लागली. तिथून बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू यायचं. फोन झाला की ती विचारायची, “काय म्हणाल्या?” तिने सगळं ऐकलेलं असूनही तो पुन्हा सांगायचा, आणि ते ऐकता ऐकता तिच्या पोटात दोन घास जास्त जायचे.

असा महिना गेला. मग एका बुधवारी चेतना मॅडम म्हणाल्या, “काका, ती आत्याबाई हलत नाहीये हो. देवळामागची. तिला काय करायचं?”

कुंडलिकने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

आत्याबाई ही त्याच्या वडिलांची बहीण. कुठल्याही लग्नात एकदा बसली की चार माणसं लागायची तिला उठवायला. देवळामागची ती चावी अशीच हट्टी, म्हणून त्याने तिला हे नाव ठेवलं होतं. पण ते घरात. जेवताना रत्नप्रभाला सांगायचा, आज आत्याबाईने घाम काढला. खात्यात त्या चावीला नंबर होता. आत्याबाई हे नाव साऱ्या मुंबईत फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

“काका, ऐकू येतंय ना?”

“हो मॅडम. लिहून घ्या. आधी चार फेरे उलटे द्या, मग सरळ. एकतीस.”

फोन ठेवून तो मोरीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. राग आला होता. महिनाभर तो इस्त्रीचा शर्ट घालून दया घेत होता तर. ऑफिसात हसत असतील, बसवा म्हाताऱ्याला पाच मिनिटं बोलत. त्याने तोंड धुवायला नळ सोडला आणि तसाच उभा राहिला. मग पाणी वाया जातंय हे लक्षात आलं, तेव्हा सवयीने नळ बंद केला.

बंद केल्यावर त्याला दुसरंच काही आठवायला लागलं. रत्नप्रभा दुपारी फोन छातीवर घेऊन काहीतरी टाइप करत असायची. “क्षमाला मेसेज,” म्हणायची. एकेका अक्षराला केवढा वेळ लावायची, बोटं बधिर झालेली. म्हणजे ती उद्याचा प्रश्न लिहीत होती. चौतीस वर्षांत जेवताना त्याने जे काही बडबडलं होतं, ते तिने कुठेतरी जपून ठेवलं होतं आणि आता त्यातलं एकेक काढून त्याला देत होती. पोटात पाणी टिकत नव्हतं, अन् ही बाई त्याच्यासाठी चाव्या शोधत होती. कुंडलिकला तिची इतकी माया आली की त्याला मोरीतल्या बादलीवर बसावं लागलं.

बाहेर आला तेव्हा तिने नेहमीसारखं विचारलं, “काय म्हणाल्या?”

“देवळामागची चावी अडलीय म्हणे,” तो म्हणाला. आत्याबाईचं नाव त्याने घेतलं नाही.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी तपासणी केली. गाठ हवी तेवढी आटली नव्हती. औषध बदलायचं ठरलं, आणि नवीन औषधाने पहिल्याच वेळी रत्नप्रभाला पार झोपवलं. त्याच आठवड्यात एका सकाळी चेतना मॅडम फोनवर जरा चाचरल्या.

“काका, माझी बदली झालीय. सांताक्रूझला. तिकडे सकाळी रोज मीटिंग असते.” मग थोडं थांबून, “काका, एक सांगायचं होतं. हे फोन, म्हणजे काकूंनी...”

“माहितेय मला.” तो गॅलरीत सरकला आणि त्याने दार ओढून घेतलं. “आत्याबाई म्हणालात त्या दिवशीच कळलं. ते नाव आमच्या घरातलं आहे.”

“सॉरी काका. पण सगळेच प्रश्न काही...”

“खरे कुठले नि खोटे कुठले, ते मला नका सांगू. इतके दिवस वेळ दिलात, आपल्या माणसासारखा दिलात. एवढंच करा, बदलीचं तिला कळवू नका.”

“मी तिकडून करत जाईन ना. दोन मिनिटं काढेन काहीही करून.”

“नको मॅडम. तुम्ही तुमचं काम बघा. इथलं मी बघतो.”

त्या दुपारी तो फोन घेऊन खटपट करत बसला. गजराला नेहमीची रिंग कशी लावायची हे सापडायला त्याला दीड तास लागला.

दुसऱ्या दिवशी तो सातला उठला. दाढी केली, आठला ताप मोजला. रत्नप्रभाने डोळे उघडले नाहीत. काल दिवसभर ती एक शब्द बोलली नव्हती. त्याने ओठांना पाणी लावलं, शर्ट घातला आणि दिवाणावर बसून राहिला. नऊ चाळीसला रिंग वाजली. त्याने ती बंद केली, फोन कानाला लावला आणि आतल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

“बोला मॅडम,” तो मोठ्याने म्हणाला. “हां, आकुर्ली रोडची. वळणावरची ना? आहे की. गटाराच्या कडेने गेलात तर सापडेल. फेरे ना? लिहून घ्या, बावीस.”

झोपेत विचारलं असतं तरी त्याने खरा आकडा चुकवला नसता. तो थांबला. आत काही हललं नाही. पंखा फिरत होता.

“बावीस,” तो पुन्हा म्हणाला. “हो, हो. नक्की.”

बराच वेळ गेला. मग आतून बारीक आवाज आला.

“बावीस नाही ओ.” दम लागला, ती थांबली. “अठरा. बावीस दिले तेव्हाच तर तुटली होती. तुमचा हात दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता. मी भरवत होते.”

“थांबा मॅडम,” कुंडलिक म्हणाला. “इथून दुरुस्ती आलीय. अठरा लिहा. घरात माझ्यापेक्षा जास्त कळणारं माणूस आहे.”

“आणि झाकण उचलताना जपून म्हणावं. एका अंगाला घसरतं ते.”

“झाकण जपून,” तो बंद फोनला म्हणाला, आणि आतून आणखी काही येतंय का म्हणून फोन तसाच कानाला धरून उभा राहिला.